सापशिडीच्या पटावर मूल नेमकं काय शिकतं?

प्रश्न : आमचं घर शिवाजीनगरला, रसेल मार्केटच्या मागच्या गल्लीत. चार पिढ्यांपूर्वी आमची माणसं इकडे आली. घरी मराठी, गल्लीत दख्खनी आणि तमिळ, बाजारात कन्नड. जवळच्याच एका शाळेत मी दुसरीला शिकवते. यंदा आम्हाला सांगितलंय की गणिताच्या दोन तासिका दर आठवड्याला खेळातून घ्यायच्या. मी सापशिडी, पत्ते, दुकान-दुकान असं खेळवते. मुलं खूश आहेत, पण वहीत फरक दिसत नाही. पालक विचारतात, फी काय खेळण्यासाठी भरायची? माझे दीर एका कारखान्यात नव्या कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण देतात. त्यांच्याकडेही आता टॅब्लेटवरचा खेळ आलाय आणि त्यांनाही हीच शंका आहे. खेळातून खरंच शिकणं होतं का? होत असेल तर अभ्यासक्रमात त्याला कुठे बसवायचं?
— एक शिक्षिका, शिवाजीनगर, बंगळूर

उत्तर : ताई, ‘वहीत फरक दिसत नाही’ या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. खेळाचा तास घेणाऱ्या शिक्षिकेला हे कबूल करणं जड जातं. ते म्हटलं की दुसऱ्या दिवशी खेळ बंद होतो आणि पुन्हा पाढ्यांचं घोकणं सुरू होतं, ही भीती असते. मीही वीसेक वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं आहे, म्हणून ही भीती ओळखीची आहे.

आधी थोडक्यात उत्तर देते. खेळातून शिकणं होतं. पण मूल खेळात जे हातानं आणि तोंडानं पुन्हा पुन्हा करतं, तेवढंच त्याच्या अंगी लागतं. खेळाच्या खोक्यावर काय लिहिलंय याच्याशी त्याचा संबंध नसतो. शिवाय खेळात कमावलेलं वहीत आपोआप उतरत नाही, कुणीतरी त्याला हात धरून तिथवर न्यावं लागतं.

सापशिडी तुमच्या वर्गात आहेच, म्हणून तिथूनच सुरुवात करू. तिचा पूर्वज म्हणजे आपला मोक्षपट. परंपरा तो ज्ञानदेवांच्या नावाशी जोडते, त्याला समकालीन पुरावा मात्र नाही. या कुळातल्या जुन्या पटांवर घरांना नावं असत. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणाच्या घरात सापाचं तोंड असे, आणि सगळ्यात वर मोक्ष किंवा देवाचं धाम. वैष्णवांचे पट वेगळे, जैनांचे वेगळे, सूफींचे आणखी वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला. तिथे आधी सद्गुण-दुर्गुणांची विलायती चित्रं त्यावर आली, मग हळूहळू तीही गळाली. आज मुलांच्या हातात येणाऱ्या पटावर साप, शिड्या आणि १ ते १०० आकडे, एवढंच उरलं आहे.

मला वाटतं, धडा गळून पडण्याचं बीज त्या पटातच होतं. दान पडेल तसं घर मिळतं. ‘दया’ लिहिलेल्या घरात पोचलेल्या खेळाडूनं कुणावर दया केलेली नसते, त्याला चार पडलेले असतात. दयेबद्दल बोलणारं कुणी शेजारी बसलेलं असेल तरच ते घर बोलू लागतं. ते माणूस उठून गेलं, की उरतात फासा आणि सोंगट्या.

आपल्या घराघरात खेळल्या जाणाऱ्या ‘व्यापार’चं तर याहून मोठं उदाहरण आहे. हा ज्या ‘मोनोपॉली’चा भाऊ, तिचं मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईंच्या ‘द लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे. त्याचं पेटंट त्यांना १९०४ साली मिळालं. हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताचा त्यांच्यावर प्रभाव होता. जमीन मूठभरांच्या हाती गेली की बाकीचे भाडं भरता भरता कसे रिते होतात, हे लोकांनी खेळता खेळता अनुभवावं, असा त्यांचा हेतू होता. त्यासाठी त्यांनी नियमांचे दोन संच केले. एका संचात संपत्ती वाढली की सगळ्यांचं भलं व्हायचं, दुसऱ्यात एकानं बाकी सगळ्यांना संपवायचं. दोन्ही खेळा आणि तुलना करा, ही त्यामागची कल्पना. पुढे खेळ हातोहात पसरला, बदलला, आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीनं ‘मोनोपॉली’ बाजारात आणली. मॅगीबाईंचं पेटंटही कंपनीनं ५०० डॉलरला घेतलं. लोकांच्या हाती मात्र एकच संच राहिला, सगळ्यांना संपवण्याचा. आज आपलं मूल ‘व्यापार’ खेळताना भावंडाला दिवाळखोर करतं आणि टाळ्या पिटतं. तुलना करायला दुसरा डावच नाही, त्यामुळे बाईंना जे वाईट म्हणून दाखवायचं होतं, तेच खेळाचं ध्येय होऊन बसलं.

‘सिरियस गेम्स’ हा शब्द क्लार्क ॲब्ट यांच्या १९७० सालच्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे रूढ झाला. मनोरंजनापेक्षा शिकण्या-शिकवण्याचा हेतू पुढे ठेवून रचलेले खेळ, असा त्याचा अर्थ. शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे, आणि तिचं अपयशही तितकंच जुनं आहे.

सापशिडीचं पुढे काय झालं ते मात्र आशा वाटावी असं आहे. तिच्यातून दया-क्षमा गेली, पण आकड्यांची ओळ राहिली. रॉबर्ट सीगलर आणि गीता रामाणी या संशोधकांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक अगदी साधा पट दिला : एका ओळीत दहा घरं, त्यांवर १ ते १०. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार-पाच बैठकी, बस एवढंच. दुसऱ्या मुलांना तसाच पट दिला, पण घरांत आकड्यांऐवजी रंग. आकड्यांवर खेळलेल्या मुलांची संख्यांची जाण सुधारली, कोणती संख्या मोठी, ती रेषेवर साधारण कुठे येईल हे त्यांना कळू लागलं. नऊ आठवड्यांनी पाहिलं तेव्हाही ती सुधारणा टिकून होती. रंगांवर खेळलेल्यांत तसं झालं नाही. पुढे त्यांनी तीच घरं गोलात मांडून पाहिली, तर सरळ ओळीइतका फायदा झाला नाही. घड्याळाच्या तबकडीसारख्या गोलात पुढे जाणं म्हणजे वाढत जाणं, हे डोळ्यांना दिसत नसावं.

तुमच्या वर्गाला सगळ्यांत उपयोगी पडेल असा प्रयोग २०१४ चा आहे, एलिडा लास्की आणि सीगलर यांचा. या वेळी पट शंभर घरांचा होता. काही मुलांना सोंगटी हलवताना पडलेलं दान मोजायला सांगितलं : एक, दोन, तीन. काहींना ज्या घरात सोंगटी आहे तिथून पुढचे आकडे म्हणायला सांगितलं. पट तोच, खेळ तोच, वेळ तेवढाच. फायदा दिसला तो दुसऱ्या पद्धतीनं खेळलेल्या मुलांना.

आता तुमच्या वर्गात काय होतं ते पाहा. सोंगटी ४७ वर आहे, दान पाच पडलं. मूल ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ म्हणत ५२ वर येतं. त्याला पाचापर्यंत मोजता येतं हे आपल्याला बालवाडीपासून ठाऊक आहे. म्हणजे तासभर सापशिडी खेळून त्यानं जे येत होतं तेच केलं. त्याऐवजी त्यानं ‘अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न, बावन्न’ म्हणायला हवं. त्यात ४७ + ५ आहे, दशक ओलांडणं आहे, आणि दर वेळी आकडा डोळ्यांनी वाचणं आहे. हा एक नियम बदलायला पैसा लागत नाही. आणखी एक सुचवते. बाजारातल्या पटावर ओळी नागमोडी जातात, एक उजवीकडे, पुढची डावीकडे. दुसरीतल्या मुलांसाठी फरशीवर खडूनं शंभर घरं आखा आणि प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करा. मग ४७ च्या डोक्यावर ५७ येतं आणि त्याच्यावर ६७. दहा मिळवणं म्हणजे सरळ वर जाणं, हे मूल स्वतः शोधून काढतं. त्या शोधाच्या वेळी मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

तुमच्या वर्गात भाषेची एक गंमत आहे, ती सोडू नका. कन्नडमध्ये २३ म्हणजे इप्पत्तमूरु, म्हणजे वीस आणि तीन. २९ म्हणजे इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. तमिळचीही रीत तीच. आपण मात्र तेवीस म्हणतो, आणि एकोणतीस म्हणताना तर तिसातून एक उणा करतो. दख्खनी बोलणाऱ्या मुलांचंही तेच. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्याच गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशा वाचनाचा पर्याय दिला होता, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते तुम्ही ऐकलं असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी दक्षिणेकडच्या भाषांचा दाखला दिला होता. त्यांनी जो दाखला दिला तो तुमच्या वर्गात बाकावर बसलेला आहे. एका गटात एक कन्नड किंवा तमिळ आणि एक मराठी किंवा दख्खनी बोलणारं मूल ठेवा, आणि प्रत्येक घर दोघांनी आपापल्या भाषेत म्हणायचं असं ठरवा. ‘एकोणतीस’ला अडणारं मूल शेजाऱ्याचं ‘वीस नऊ’ ऐकेल आणि आकडा कसा बनतो ते त्याला दिसेल. पुण्यातल्या किंवा साताऱ्यातल्या वर्गाला ही सोय नाही.

आता वहीकडे येते.

तुम्हाला जे दिसलं, तेच दिल्लीत फार मोठ्या प्रमाणावर दिसलं आहे. मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी प्रथम या संस्थेबरोबर २१४ बालवाड्यांतल्या सुमारे दीड हजार मुलांवर एक प्रयोग केला. तो २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. मुलं साधारण पाच वर्षांची. काहींना संख्या आणि आकारांचे खेळ दिले : कोणत्या पत्त्यावर ठिपके जास्त, कोणती आकृती बाकीच्यांपेक्षा वेगळी. काहींना माणसांचे भाव आणि नजर ओळखण्याचे खेळ दिले, आणि काही बालवाड्या नेहमीसारख्याच चालल्या. चार महिन्यांनी संख्यांचे खेळ खेळलेल्या मुलांची अंदाजाची आणि आकारांची जाण वाढलेली दिसली, आणि वर्षभरानंतरही ती टिकून होती. ही मुलं पहिलीत गेल्यावर मात्र शाळेच्या गणितात पुढे निघाली नाहीत.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाईट वाटलं. मग जरा विचार केल्यावर तो पटला. त्या खेळांत ठिपके होते, आकृत्या होत्या. शाळेत समोर येतात ती चिन्हं : ७, +, =. ठिपक्यांपासून चिन्हापर्यंतचा रस्ता खेळात नव्हता, तर मूल त्या रस्त्यावरून जाणार कसं?

याचाच दुसरा पुरावा तुमच्या दारात उभा आहे. रसेल मार्केटमध्ये सकाळी वडिलांच्या हाताखाली दुकानावर बसणारं एखादं मूल आठवा. पाऊण किलोचे पैसे, शंभरच्या नोटेतून किती परत, सगळं तोंडावर. तेच मूल शाळेत १०० – ६३ पाशी अडतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये रस्त्यावर विक्री करणारी पाच मुलं तपासली होती. दुकानावर त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, तीच आकडेमोड कागदावर मांडून दिली तेव्हा जेमतेम ३७ टक्के. पाच मुलं म्हणजे फारच थोडी, असं कुणी म्हणेल. पण कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत शेकडो मुलांबरोबर केलेलं काम २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. अभिजित बॅनर्जी, डुफ्लो, स्पेल्की ही मंडळी त्यात आहेत. बाजारातली मुलं सौद्याचे अवघड हिशेब तोंडी करत होती आणि शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या त्याहून सोप्या उदाहरणांत अडत होती. नुसती शाळेत जाणारी मुलं उलट बाजूनं अडत होती, त्यांना बाजारातला हिशेब जमेना. दोन्हीकडे गणित आहे, मधे पूल नाही.

पूल न बांधण्याची ही चूक मीही केली आहे, आणि अजून ती मनाला लागते. माझ्या चौथीच्या वर्गात महिनाभर दुकान-दुकान चाललं. खोट्या नोटा, पुठ्ठ्याचा तराजू, ओरडून भाव सांगणं. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत जमायची. महिन्यानंतर चाचणी घेतली आणि हातच्याच्या वजाबाकीत पूर्वीच्याच चुका पूर्वीच्याच जागी. माझी चूक मला फार उशिरा कळली. त्या महिन्यात दुकानात एकदाही कुणी पावती लिहिली नव्हती.

म्हणून तुमच्या दुकान-दुकानला आणखी दोन पायऱ्या जोडा. पहिल्या दिवशी खेळ तोंडी होऊ द्या, मुलांना आपल्या पद्धतीनं हिशेब करू द्या. पुढच्या तासिकेला तोच डाव, पण दुकानदारानं कागदाच्या तुकड्यावर पावती लिहायची : टोमॅटो १८, कोथिंबीर ९, एकूण, दिले ५०, परत. पावती चुकली तर गिऱ्हाईक पैसे देणार नाही. इथे आकडा लिहिण्याला खेळातच कारण मिळतं. त्यानंतर लगेच, त्याच दिवशी, वही उघडा आणि त्याच पावत्यांतली एक फळ्यावर लिहा. ‘रफीकनं २३ कसे परत दिले?’ असं विचारा. तो सांगेल, सत्तावीसचे तीस केले, मग वीस वर. दुसरी मुलगी हातचा घेऊन करेल. दोन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी येऊ द्या. खेळ दहा मिनिटं कमी झाला तरी चालेल, हा शेवटचा भाग कापू नका. तासाची घंटा झाली की आपण नेमका हाच भाग गाळतो.

ही पायऱ्यांची कल्पना तुमच्या राज्याला नवी नाही. बंगळूरच्या अक्षरा फाउंडेशननं सरकारबरोबर ‘गणित कलिका आंदोलन’ चालवलं, चौथी-पाचवीच्या सरकारी वर्गांसाठी साहित्याची पेटी दिली. तिचा क्रमच आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह असा आहे. त्याच्याही आधीची गोष्ट नलि-कलीची. नलि म्हणजे आनंदानं बागडणं, कली म्हणजे शिकणं. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, युनिसेफच्या मदतीनं आणि ऋषी व्हॅलीचं काम पाहून आलेल्या शिक्षकांच्या पुढाकारानं ती सुरू झाली. २००९-१० पासून ती राज्यभरच्या सरकारी शाळांच्या पहिल्या इयत्तांत पोचली. तिच्यात पहिली ते तिसरीची मुलं एकत्र बसतात, गाणी, खेळ, कार्डं यांतून पुढे सरकतात, आणि भिंतीवर प्रत्येक मुलाला आपली जागा दाखवणारी शिकण्याची शिडी असते. खेळाचं कार्ड त्या शिडीवर दोन अभ्यासांच्या मधे ठरलेल्या पायरीवर येतं. तुमच्या प्रश्नातल्या ‘कुठे बसवायचं’ याला माझ्या मते हेच उत्तर आहे : दोन पाठांच्या मधे, आधीच्या पाठातलं घेऊन पुढच्या पाठाकडे जाताना. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला बक्षीस म्हणून ठेवलेला खेळ कुठेच जात नाही.

त्या शिडीला साप नाहीत, हेही मला फार आवडतं. ज्या खेळात हरलेलं मूल डावाबाहेर बसतं, तो वर्गासाठी निवडू नका. बाहेर बसणारं मूल बहुधा तेच असतं ज्याला सरावाची सगळ्यांत गरज असते. आणि जिंकण्याला गुण तर मुळीच देऊ नका, दान कुणाला पडलं याची नोंद प्रगतिपुस्तकात कशाला?

खेळांची संख्याही कमी ठेवा. आठवड्याला नवा खेळ आणला की निम्मा वेळ नियम समजावण्यात जातो. दोन-तीन खेळ वर्षभर चालवा आणि त्यांतले आकडे वाढवत न्या. आधी एक फासा, दिवाळीनंतर दोन, मग दोन फाशांचा गुणाकार.

पालकांना काय सांगायचं? राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये खेळातून शिकण्यावर भर आहे, एनसीईआरटीनं फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, कोडी, पत्ते यांचा ‘जादुई पिटारा’ काढला, आणि दुसरी याच पायाभूत टप्प्यात येते. हे सगळं खरं आहे, तरी धोरणाचा कागद दाखवून आईबापांचं समाधान होत नाही. त्यांना एका शनिवारी वर्गात बोलवा आणि मुलांबरोबर पटावर बसवा. ४७ वरून पुढे म्हणायला लावा. मग मुलाची पावती आणि वहीतलं तेच उदाहरण शेजारी ठेवून दाखवा. बाजारात दुकान चालवणाऱ्या बापाला पावतीचं महत्त्व शिक्षकापेक्षा लवकर कळेल.

आता तुमच्या दिरांकडे वळते. प्रशिक्षणातल्या खेळांचा इतिहास सैन्यापासून सुरू होतो. प्रशियाच्या सैन्यात राइस्विट्झ पितापुत्रांनी नकाशावर खेळायचा युद्धखेळ बनवला, मुलानं १८२४ मध्ये त्याचे नियम पक्के केले. त्यात दोन बाजूंच्या मधे एक पंच बसे. कुणाला काय दिसतं, कोणता हुकूम किती वेळानं पोचतो, हे तो ठरवी. पुढे १८७० च्या दशकात काही अधिकाऱ्यांनी फासे आणि कोष्टकं बरीचशी बाजूला ठेवली आणि अनुभवी पंचाच्या निर्णयाला जास्त जागा दिली.

व्यवस्थापनाच्या शिक्षणातही, डावाशेजारी असं जाणतं माणूस लागतं असा, ‘बिअर गेम’ नावाचा एक खेळ आहे, जे फॉरेस्टर यांच्या एमआयटीतल्या गटानं रचलेला, साठेक वर्षांपूर्वीचा. चार जण असतात : किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना. प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची मागणी दिसते. काही आठवड्यांतच कुणाकडे माल तुंबतो, कुणाकडे खडखडाट होतो, आणि सगळे एकमेकांवर चिडतात. डाव संपल्यावर विचारतात, गिऱ्हाइकाची मागणी कशी बदलली असेल, काढून दाखवा. लोक मोठमोठ्या लाटा काढतात. मग खरा कागद उघडतात. मागणी एकदाच वाढलेली असते, आठवड्याला चारवरून आठ पेट्या, आणि त्यानंतर ती तशीच सपाट. गोंधळ गिऱ्हाइकानं केला नव्हता, चौघांच्या निर्णयांतून तो उभा राहिला होता. हा कागद उघडण्याचा क्षण काढून टाकला, तर लोक फक्त शेजाऱ्यावर राग धरून घरी जातील. तुमच्याच शहरातली फील्ड्स ऑफ व्ह्यू ही ना-नफा संस्था सार्वजनिक प्रश्नांवर असे खेळ बनवते. तिच्या ‘रबिश!’ या खेळात खेळाडू बंगळूरची सुका कचरा संकलन केंद्रं चालवतात, म्हणजे कचरा टाकणारे लोक तो गोळा करून विकणाऱ्याच्या खुर्चीत बसतात. अशा डावानंतर लोकांना आपसात बोलायला वेळ ठेवायलाच हवा.

दिरांना टॅब्लेटवरच्या खेळात एकच गोष्ट बारकाईनं बघायला सांगा : गुण कशाला मिळतात? घड्याळ धावतंय, झटपट बोट टेकवलं की तारे मिळतात, असा तो असेल तर कामगाराचा हात घाई शिकतो आहे. यंत्र दुरुस्तीआधी वीज तोडणं, कुलूप लावणं, पाटी अडकवणं, बटण दाबून यंत्र चालू होत नाही याची खात्री करणं, या सगळ्यात खरं कौशल्य थांबण्याचं आहे. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठी सिम्युलेटर बनवला तेव्हा त्यात विमानासारखी दांडी आणि पायटे होते. जमिनीवर हात-पाय जे करत, तेच आकाशात करायचं होतं. टॅब्लेटवरचं बोट खऱ्या कुलपाच्या इतकं जवळचं नाही. म्हणून खेळानंतर कामगाराला त्याच दिवशी यंत्रापाशी न्यावं आणि तीच कृती खऱ्या कुलपानं करायला लावावी, आठवड्यानं कुणी न सांगता पुन्हा. टॅब्लेटवरचे गुण रजिस्टरमध्ये नोंदण्याऐवजी ही दुसरी तपासणी नोंदावी. आणि जो खेळात चुकला त्याला सगळ्यांसमोर हसू नये. त्याला विचारावं, त्या क्षणी तुला काय वाटलं होतं? चूक जिथे कुणाला इजा करत नाही तिथेच तिच्याबद्दल मोकळेपणानं बोलता येतं.

पडद्याविषयी तुम्ही विचारलं नाही, पण पालक विचारतील. बंगळूरच्याच निमहान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचं उपचार केंद्र चालतं, म्हणजे काळजी निराधार नाही. दुसरीसाठी मी फरशी, खडू, चिंचोके आणि पत्ते यांवरच थांबेन. पडद्यावरच्या खेळात सोंगटी आपोआप पाच घरं पुढे जाते, आणि ‘अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास’ म्हणण्याचं जे काम मुलानं करायचं, ते यंत्र करून टाकतं.

सहा आठवडे एवढं करून पाहा : पुढचे आकडे मोठ्यानं म्हणणं, दोन भाषा, पावती, आणि त्याच दिवशी वही. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक मुलाला ४७ + ५, ३८ + ६, ५० – २७ अशी पाच उदाहरणं द्या, आणि उत्तराबरोबर ते कसं काढलं हेही विचारून लिहून ठेवा. कुणी बोटं मोजतं, कुणी मनातल्या पटावर चालतं. ते कागद मला पाठवा. ज्या मुलांच्या वहीत तरीही फरक पडला नाही, त्यांचे आधी पाठवा.